साडेसाठ फुटांपर्यंतचा रस्ता

२०१२ च्या हंगामात अमेरिकेतल्या साउथ अटलांटिक लीग या बेसबॉलच्या खालच्या पातळीवरच्या लीगमध्ये दोन पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे खेळाडू, खेळत होते. दोघांचा जन्म १९८८ चा, एक जूनमधला, एक ऑगस्टमधला. पहिला सव्हाना सँड नॅट्सचा उजव्या हाताचा जेकब डिग्रॉम. दुसरा वेस्ट व्हर्जिनिया पॉवरचा डावखुरा रिंकू सिंग, उत्तर प्रदेशातल्या भदोहीकडचा. शाळेत भालाफेक करणारा हा मुलगा २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेत ताशी ८७ मैलांचा, म्हणजे १४० किलोमीटरचा चेंडू टाकून जिंकला. त्यानंतर काही महिने लॉस एंजेलिसमध्ये टॉम हाउस यांच्याकडे शिकला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला आणि दिनेश पटेलला करारबद्ध केलं. त्याआधी दोघांनी बेसबॉल खेळलेलं नव्हतं. चौथ्या हंगामात, म्हणजे २०१२ मध्ये, रिंकूने ३९ सामन्यांत ७२ इनिंग्ज (एक इनिंग म्हणजे तीन बॅट्समन बाद होईपर्यंतची पाळी) टाकल्या आणि नऊ इनिंग्जमागे सरासरी तीन धावा दिल्या. वयाच्या विसाव्या वर्षी पहिल्यांदा बेसबॉलचा चेंडू हातात घेतलेल्या माणसाची ही कमाई आहे. माझ्या मते भारतीय खेळांच्या इतिहासात तिची पुरेशी नोंद झालेली नाही.

२०१३ मध्ये त्याच्या नावापुढे एकही इनिंग नाही. कोपर गेलं होतं. पायरेट्सच्या यंत्रणेत तो पुढेही काही काळ होता, पण अधिकृत सामन्यात परत उतरला नाही.

डिग्रॉमच्या बाबतीत ही मोकळी जागा आधी आली. २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांत, न्यूयॉर्क मेट्सने त्याला नवव्या फेरीत घेतलं. स्टेट्सन विद्यापीठात तो मुख्यतः शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) होता, पिचिंग अगदी शेवटी सुरू केलेलं. मेट्सच्या किंग्जपोर्टच्या संघाकडून सहा सामन्यांची सुरुवात केली आणि कोपरातलं लिगामेंट, म्हणजे हाडं जोडून धरणारा पट्टा, फाटलं. २०११ चं सगळं वर्ष गेलं. म्हणजे २०१२ मध्ये एकाच लीगमध्ये एक जण कोपराच्या ऑपरेशनमधून परतत होता आणि दुसरा नकळत दुखापतीकडे चालला होता. आकड्यांच्या तक्त्यात अशी कोरी ओळ दिसली की लोक ‘दुखापत’ म्हणून पुढे सरकतात. पिचर घडतो किंवा संपतो तो बहुतेक वेळा त्या कोऱ्या ओळीतच, म्हणून ती सविस्तर सांगायला हवी.

आधी शिडी. मेजर लीग ही सर्वांत वरची, तिच्याखालच्या पायऱ्या म्हणजे मायनर लीग. आज मायनर लीगमध्ये १२० संघ आहेत. प्रत्येक मेजर लीग क्लबचे चार: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. त्याखाली फ्लोरिडा आणि अॅरिझोनातले कॉम्प्लेक्स लीग, शिवाय डॉमिनिकन प्रजासत्ताकातला उन्हाळी लीग. रिंकूच्या काळात पायऱ्या याहून जास्त होत्या आणि पगार लाजिरवाणे होते. २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला, तेव्हा कुठे सिंगल-एचा किमान वार्षिक पगार २६,२०० डॉलर आणि डबल-एचा ३०,२५० डॉलरवर गेला. पोराच्या मनावर पगाराइतकाच, किंबहुना जास्त, परिणाम होतो तो रांगेचा. त्याच्या मागे दर जुलैत नवा ड्राफ्ट येतो, त्याच्याहून लहान आणि त्याच्याहून वेगवान मुलं घेऊन. हात दुखतोय हे सांगायला तो का कचरतो, ते इथे कळतं.

आता मालिका सहा सामन्यांच्या असतात, मंगळवार ते रविवार, आणि सोमवारी सुट्टी. त्यामुळे सामना सुरू करणाऱ्या पिचरची पाळी साधारण आठवड्यातून एकदा येते. सामन्यात पिच, म्हणजे चेंडू, टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी हलकं धावणं, खांद्याच्या मागच्या स्नायूंसाठी रबर बँड, जमलं तर थोडी फेकाफेक. मग पायांचं वजन-प्रशिक्षण आणि लांब अंतराची फेक. मध्ये एक दिवस ‘बुलपेन’, म्हणजे माउंडवरून (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावरून) पंचवीस-तीस चेंडू, तेही एखाद-दुसऱ्या गोष्टीसाठी: स्लायडर (बाजूला वळणारा चेंडू) डावीकडे पुरेसा वळत नाहीये, चेंजअप (फसवा मंद चेंडू) टाकताना हात मंदावतोय, असं काहीतरी. पूर्ण जोर लावायचा तो सामन्याच्या दिवशी. पण चांगल्या पिचरची बांधणी होते ती मधल्या पाच-सहा दिवसांत. हात सावरायला किती वेळ लागतो, ते या दिवसांत समजतं. क्लब दरवर्षी इनिंग्जचा आकडा थोडाथोडा वाढवतात. आधीच्या वर्षी ७० टाकल्या असतील तर पुढच्या वर्षी ९०-१००, एकदम १५० नाही. या पद्धतीला भक्कम शास्त्रीय पुरावा आहे असं म्हणता येत नाही, तरी वाढ सावकाश असावी हे मला पटतं.

आता हात. माउंडपासून बॅट्समनजवळची होम प्लेट साठ फूट सहा इंच, माउंडची उंची दहा इंच, चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका. पुढचा पाय जमिनीवर टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंत सेकंदाचा सातवा भाग जातो. एवढ्या वेळात कंबर फिरते, मग छाती, आणि हात मागे राहतो, इतका की कोपरापुढचा हात आकाशाकडे उताणा पडल्यासारखा दिसतो. तिथून खांदा आत फिरतो तो सेकंदाला सुमारे ७,००० अंशांच्या वेगाने. हात मागे पडून पुढे निघतो त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूवर सर्वांत जास्त ताण येतो. बर्मिंगहॅम, अलाबामा इथल्या प्रयोगशाळेत ग्लेन फ्लायसिग आणि सहकाऱ्यांनी तो मोजला: सुमारे ६४ न्यूटन-मीटर. हाताला कोपरापासून एक फुटावर एकवीस किलो वजन बांधून ते आडवं ओढलं तर पडेल, एवढा.

हा ताण ज्याने पेलायचा ते अल्नर कोलॅटरल लिगामेंट दंडाच्या हाडापासून करंगळीच्या बाजूच्या हाडापर्यंत जातं. मृतदेहांवरच्या चाचण्यांत एकटं लिगामेंट याच्या निम्म्या ताणाला तुटतं. मग दर पिचला ते तुटत का नाही? कारण बाकीचा भार स्नायू घेतात. कोपराच्या आतल्या उंचवट्यापासून निघून मनगटाकडे आणि बोटांकडे जाणारा स्नायूंचा एक जुडगा असतो. तो आकसला की सांधा आवळून धरतो. तो थकला की त्याच्या वाट्याचा भार लिगामेंटवर येतो. पिचरच्या कोपराविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर हीच ठेवावी. शंभरावा चेंडू आणि विसावा चेंडू रडारवर सारखेच दिसतात, पण कोपरासाठी ते सारखे नसतात.

क्रिकेट पाहून मोठं झालेल्यांना प्रश्न पडतो की फास्ट बोलरचं असं का होत नाही. त्याचं कोपर सरळ राहतं, हात वरून चक्रासारखा येतो, धावत आल्यामुळे वेग आधीच मिळालेला असतो. त्याचा हिशेब कमरेत चुकता होतो, मणक्याच्या खालच्या हाडांना चीर जाते. पिचर एका जागेवरून फेकतो, सगळा वेग त्याला फिरण्यातून काढावा लागतो आणि त्याची किंमत कोपर आणि खांदा देतात. भालाफेक करणाऱ्याचं कोपरही याच बाजूने ताणलं जातं, पण भाला स्पर्धेत पाच-सहा वेळा फेकायचा असतो, आठवड्यात शेकडो वेळा नाही.

आणि वेग वाढतच चाललाय. मेजर लीगमध्ये फोर-सीम फास्टबॉलचा (सरळ जाणाऱ्या वेगवान चेंडूचा) सरासरी वेग २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता, २०२४ मध्ये ९४.२. मेजर आणि मायनर लीग मिळून या लिगामेंटची ऑपरेशनं २०१० मध्ये १०४ झाली, २०२४ मध्ये २८१. मेजर लीग बेसबॉलने डिसेंबर २०२४ मध्ये जो अहवाल काढला त्यातही वेगाचा हव्यास, चेंडूच्या वळणाचा हव्यास आणि दर चेंडूला पूर्ण जोर, हीच कारणं पुढे आली. आता प्रत्येक क्लबकडे सेकंदाला शेकडो चित्रं घेणारे कॅमेरे आहेत, चेंडूच्या फिरकीचा दर मोजणारी यंत्रं आहेत. त्यातून पिचरला स्वतःचा चेंडू फार लवकर समजतो, हा खरा फायदा आहे. पण स्नायू काही महिन्यांत तयार होतो, लिगामेंट त्या गतीने तयार होत नाही, आणि लिगामेंटची ताकद दाखवणारा आकडा कुठल्याच पडद्यावर येत नाही. जड चेंडूंच्या सरावाचंच बघा. १३ ते १८ वयाच्या मुलांवर सहा आठवड्यांचा एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जड चेंडू वापरणाऱ्यांचा वेग ३.३ टक्क्यांनी वाढला आणि त्यांच्यातल्या २४ टक्के मुलांना दुखापत झाली. माझ्या लेखी हा सौदा वाढत्या वयाच्या मुलासाठी कुणीही करू नये.

लिगामेंट एका चेंडूवर फाटल्यासारखं वाटतं, पण त्याआधी बहुधा आठवडे-महिने खुणा दिसत असतात. वेग उतरणं ही उशिराची खूण. त्याआधी नेम जातो. उजव्या हाताच्या पिचरचा फास्टबॉल उजवीकडे आणि वर राहायला लागतो, कारण हात वेळेवर पुढे येत नाही. मग कोपरापुढच्या हाताच्या आतल्या बाजूला आखडल्यासारखं वाटतं. प्रसिद्धिपत्रकात ‘फोरआर्म टाइटनेस’ असा निरुपद्रवी शब्द येतो आणि जाणकारांच्या पोटात गोळा येतो. पूर्वी दोन दिवसांत सावरणारा हात चार दिवस घेतो. करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील तर शेजारून जाणारी नसही त्रासलेली आहे. या टप्प्यावर थांबलं, सांध्यात द्रव सोडून एमआरआय केला आणि चीर अर्धवट निघाली, तर काही आठवड्यांची पूर्ण विश्रांती आणि रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन यांवर निभावतं. सगळ्यांचं नाही, काहींचं.

नाही निभावलं तर टॉमी जॉन. लॉस एंजेलिस डॉजर्सचा हा डावखुरा पिचर जुलै १९७४ मध्ये जखमी झाला आणि २५ सप्टेंबरला डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्यावर असं ऑपरेशन केलं जे तोवर कुठल्याच पिचरवर झालं नव्हतं. यश मिळण्याची शक्यता जोब यांनी शंभरात एक सांगितली होती. जॉन १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला, आणि त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ त्या ऑपरेशननंतरचे आहेत.

ऑपरेशनची कल्पना समजायला सोपी आहे. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध जी बारीक दोरी उठून दिसते ती पामारिस लाँगस या स्नायूची कंडरा. सातआठ माणसांमागे एकाला ती नसतेच, आणि असली तरी तिच्यावाचून हाताचं काही अडत नाही. सर्जन ती काढतो. नसेल तर मांडीच्या मागची घेतो. करंगळीकडच्या हाडात आणि दंडाच्या हाडाच्या आतल्या उंचवट्यात भोकं पाडून ती त्यांतून ओवतो, ताण देऊन बांधतो. नवी कंडरा सुरुवातीला निर्जीव असते. तिच्यात रक्तवाहिन्या शिरायला आणि तिचं हळूहळू लिगामेंटसारख्या उतीत रूपांतर व्हायला वर्षभर लागतं. ऑपरेशनने वेग वाढतो असा एक समज मुलांमध्ये आणि पालकांमध्ये पसरलेला आहे. तो साफ चुकीचा. वेग वाढलेला दिसला तर तो वर्षभर पाय, कंबर आणि खांद्यामागच्या फऱ्यावर केलेल्या मेहनतीचा असतो, आणि ती मेहनत धडधाकट हातानेही करता आली असती.

मग परतीचा प्रवास. पहिला आठवडा कोपर काटकोनात बांधलेलं. पुढचे चार-पाच आठवडे बिजागरीचा पट्टा, ज्यात दर आठवड्याला वाकण्याची आणि सरळ होण्याची मर्यादा थोडीथोडी सैल करतात. मूठ आवळण्याचा व्यायाम जवळजवळ लगेच. दीड महिन्यानंतर हलकी वजनं, तीन महिन्यांच्या सुमाराला दोन्ही हातांनी जड चेंडू भिंतीवर ढकलणं, मग एका हाताने. हे सगळं फ्लोरिडात, क्लबच्या सरावकेंद्रात. सकाळी उजाडताना उपचारांच्या टेबलावर, दुपारी बाराला मोकळा. संघ कुठल्यातरी दुसऱ्या राज्यात खेळतोय. एकटेपणा हा या वर्षाचा मोठा भाग असतो आणि क्लबांनी त्याच्याकडे फार उशिरा लक्ष दिलं.

चार-पाच महिन्यांनी पहिली फेक, ४५ फुटांवरून. पंचवीस फेकी, पाच-दहा मिनिटं थांबायचं, परत हात गरम करायचा, परत पंचवीस. दिवसाआड. दरवेळी आधी पायांची एक छोटी उडी, म्हणजे जोर पायातून येतो, नुसत्या हातातून नाही. मग तीन वेळा पंचवीस. मग ६० फूट, ९०, १२०, आणि काहींना त्याही पुढे. सपाट जमिनीवर हे सगळं निर्वेध पार पडलं की माउंड. आधी पंधरा फास्टबॉल निम्म्या जोराने, मग तीस, मग पाऊण जोर. फिरकी आणि स्लायडर सर्वांत शेवटी. त्यानंतर समोर खरा बॅट्समन, मग लुटुपुटुच्या इनिंग्ज, मग खालच्या लीगमधला एखादा सामना, एकच इनिंग. एकूण बारा ते अठरा महिने.

दुखण्याचे नियम ठरलेले आहेत आणि ते पाठ असावेत. हात गरम करताना दुखलं पण पहिल्या पंधरा फेकींत थांबलं, तर पुढची पायरी नाही, आधीची पुन्हा. पंधरा फेकींनंतरही दुखत राहिलं तर तिथेच बंद, दोन दिवस सुट्टी आणि परतल्यावर एक पायरी खाली. फेकून झाल्यावर तासाभरानंतरही किंवा दुसऱ्या दिवशी दुखलं, तर एक दिवस सुट्टी आणि तीच पायरी परत. काहीच दुखलं नाही तरच पुढे.

तरी गडबड होते, आणि ती बहुतेकदा ‘निम्मा जोर’ या शब्दांत होते. पिचरला निम्म्या जोराने टाक म्हटलं की त्याला वाटतं आपण निम्म्यानेच टाकतोय. फ्लायसिग यांनी १९९६ मध्ये मोजलं तेव्हा निम्म्या जोराच्या चेंडूचा वेग कमाल वेगाच्या ८५ टक्के निघाला आणि सांध्यांवरचा ताण सुमारे ७५ टक्के. म्हणजे सहा-सात महिन्यांच्या कच्च्या कंडरेवर तीन चतुर्थांश भार, आणि मुलगा प्रामाणिकपणे सांगतोय की मी हळूच टाकतोय. म्हणून परतीच्या काळात रडार गन हवीच, वेग वाढवायला नव्हे तर आवरायला. सातवा ते दहावा महिना सर्वांत धोक्याचा. तेव्हा दुखत काहीच नाही, हात ताजा वाटतो, आणि सोबतचे डबल-एला पोचलेले असतात.

डिग्रॉमने ते वर्ष कसं वापरलं ते बघण्यासारखं आहे. मेट्सच्या फ्लोरिडातल्या सरावकेंद्रात, पोर्ट सेंट लूसीला, त्याच वेळी योहान सांताना खांद्याच्या ऑपरेशननंतर सावरत होता, दोन वेळा साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) मिळवलेला, चेंजअपचा उस्ताद. हात पूर्ण जोराने वापरायची परवानगी नसताना जे शिकता येतं ते म्हणजे पकड, आणि चेंजअप हा पकडीचाच चेंडू. हाताचा वेग फास्टबॉलचा ठेवायचा आणि चेंडू तळव्याकडे खोल धरून त्याचा वेग मारायचा. शॉर्टस्टॉपचा पिचर झालेल्या मुलाला ते सांतानाकडून मिळालं. २०१३ मध्ये बिंगमटन आणि लास वेगास हे मेट्सचे वरच्या पायऱ्यांवरचे मायनर संघ, १५ मे २०१४ ला मेजर लीगमध्ये पहिला सामना, त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित, २०१८ आणि २०१९ ला साय यंग. आणि तरीही जून २०२३ मध्ये तेच कोपर दुसऱ्यांदा उघडावं लागलं. पस्तिशी ओलांडल्यावर तो परतलाही, सप्टेंबर २०२४ मध्ये.

रिंकूकडे तेवढा वेळ नव्हता. डिग्रॉमचं लिगामेंट २२ व्या वर्षी, पिचिंगच्या अगदी आरंभी गेलं. रिंकूचं गेलं तेव्हा पंचविशी आलेली, सिंगल-एच्या वर चढणं बाकी, आणि विशीत सुरू केलेल्या खेळातली कमाई अजून ताजी. दीड वर्ष घालवून परत सिंगल-ए म्हणजे सव्वीस वय, आणि त्या वयाच्या पिचरला तिथे क्लब सहसा जागा देत नाहीत. जिद्द दोघांकडेही होती. दुखापत वयाच्या आणि शिडीच्या कुठल्या पायरीवर गाठते, यावर इतकं काही ठरतं आणि त्यावर खेळाडूचा काडीचा ताबा नसतो, हे मला फार अन्यायाचं वाटतं. रिंकू २०१८ मध्ये व्यावसायिक कुस्तीत गेला, वीर महान या नावाने प्रसिद्ध झाला. पण त्याच्या ७२ इनिंग्ज मला जास्त मोलाच्या वाटतात.

खांद्याची गोष्ट आणखी बिकट आहे. कोपराच्या ऑपरेशननंतर बहुसंख्य पिचर परत फेकू लागतात. खांद्याची कड फाटली किंवा मानेखालच्या नसा दबल्या तर भरवसा नाही. स्टीव्हन स्ट्रासबर्ग २०१० मधल्या कोपराच्या ऑपरेशननंतर २०११ मध्ये परतला आणि २०१९ च्या वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, मानकरी झाला, पण २०२१ मध्ये नसांच्या ऑपरेशननंतर तो पूर्वीसारखा कधीच झाला नाही.

अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांपैकी अनेक जण लिटल लीग, म्हणजे लहान मुलांचं बेसबॉल, खेळतात, आणि क्रिकेटमध्ये वाढलेल्या आईबाबांना पिचची मोजदाद नवी असते. ‘पिच स्मार्ट’ हे मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलचं मार्गदर्शन फुकट उपलब्ध आहे: ९-१० वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ७५ पिच, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५, १७-१८ ला १०५, आणि पिचच्या संख्येनुसार मध्ये सक्तीची विश्रांती. एका वेळी दोन संघांतून खेळत असेल तर दोन्हींची बेरीज घरीच ठेवावी लागते, प्रशिक्षकाला दुसऱ्या संघाचा आकडा माहीत नसतो. ज्या दिवशी पिच टाकले त्या दिवशी कॅचर म्हणून उभं करू नये, कारण कॅचरही दर पिचला चेंडू परत फेकतो. वर्षात किमान चार महिने पिचिंग बंद. बर्मिंगहॅमच्याच एका जुन्या अभ्यासात, थकलेल्या हाताने नियमित पिचिंग करणाऱ्या मुलांना ऑपरेशनची शक्यता ३६ पट निघाली होती. वर्षाला आठ महिन्यांहून जास्त खेळणाऱ्यांना ती पाच पट होती. आणि सामन्यानंतर मुलाला ‘दुखतंय का’ विचारू नका, ‘नाही’ हेच उत्तर येईल. कितव्या इनिंगला हात जड वाटायला लागला ते विचारा, आणि तो आकडा पिचच्या संख्येशेजारी लिहून ठेवा.